ज्वालामुखीत उकडलेले मोदक

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या आमच्या इमारतीत कुमुदकाकूंच्या स्वयंपाकघराला दार असून नसल्यासारखं होतं. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी रवा भाजायला घेतला की दुसऱ्या मजल्यावर सुबोधचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ऑफिसच्या कामातलं लक्ष उडायचं. चौथ्या मजल्यावरच्या डच आजींनी एकदा मला जिन्यात थांबवून विचारलं होतं की, शनिवारी तुमच्या लोकांचा कसला सण होता? सण कुठला? काकूंनी गोडा मसाला केला होता.

कुमुदिनी दांडेकर हे त्यांचं पूर्ण नाव. साठीला टेकलेल्या, बुटक्या, चष्म्याची दोरी गळ्यात आणि पायात घरातसुद्धा सायकलवर बसायचे बूट. वीसेक वर्षांपूर्वी उल्हासकाकांना इकडे नोकरी लागली तेव्हा त्या आल्या. स्वतःची ओळख करून देताना म्हणायच्या, "मी नवऱ्याच्या व्हिसाला चिकटून आलेली बाई." पहिली काही वर्षं त्यांनी खिडकीतून पाऊस बघण्यात काढली. मग एका गणपतीत कोणाच्या तरी घरी त्यांनी उकडीचे मोदक नेले आणि पुढच्या वर्षी चार घरांतून मागणी आली. तिथून डबे सुरू झाले, रीतसर नोंदणी झाली, आणि पावसापाण्यात फीट्सच्या, म्हणजे सायकलच्या, दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून हिंडणाऱ्या काकू सगळ्या रायस्वाइकला माहीत झाल्या. मी स्वतः डिपेंडंट म्हणून आले तेव्हा पहिलं वर्ष त्यांच्या डब्यावर जगले आहे. पुढे मला लायडनच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली तरी मी डबा सोडला नाही. सुबोधच्या मते, माझा स्वयंपाक बघता ते शहाणपणाचं होतं.

काकूंच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. मोदकपात्राचं झाकण लावलं की त्या पाठ करून दुसरंच काहीतरी चिरत बसायच्या. आधी कच्च्या पिठीचा वास येतो, मग हळदीच्या पानाचा, आणि पिठीचा वास पूर्ण जाऊन आतल्या गुळाचा यायला लागला की गॅस बंद. मी एकदा टायमर लावायला सुचवलं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "टायमरला काय माहीत गं, पिठी नवी आहे की जुनी?" तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरात शास्त्र बोलत नाही.

उल्हासकाकांचं नाक या सगळ्यात बिनकामाचं. त्यांना काहीही वाढलं तरी ते "अप्रतिम" म्हणायचे. पिठल्याला तेच, पुरणपोळीला तेच. त्यांचा जीव दगडांत होता. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकले आणि पुढे आयुष्यभर बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. जिवंत ज्वालामुखी बघायचा राहून गेला, हे त्यांचं एकच दुःख होतं आणि ते दुःख ते कोणालाही सांगायचे. "आपला सगळा सह्याद्री लाव्ह्याचाच," ते म्हणायचे, "पण गार झालेला. गॅस बंद झाल्यावर कढई बघण्यात काय मजा?" निवृत्तीनंतर अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर जायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पोर्तुगालच्या पश्चिमेला, भर समुद्रात, सगळीच्या सगळी ज्वालामुखीतून वर आलेली बेटं. तिकिटं काढली होती २०२० च्या मे महिन्याची. त्या मेमध्ये कोण कुठे गेलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पुढच्या जानेवारीत, संध्याकाळची संचारबंदी लागली त्याच सुमारास, दोघांनाही कोविड झाला. काका नुसते खोकले. काकूंना किंचित ताप आला, तो उतरला, त्या उठल्या आणि आमटीला फोडणी करायला उभ्या राहिल्या. मोहरी काळीठिक्कर पडली, घर धुराने भरलं, छतावरचा अलार्म केकाटायला लागला, आणि काकू शांतपणे डाव हलवत उभ्या. काका धावत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय झालं हो, कसला आवाज आहे?"

तेव्हा कळलं की वास गेलाय, आणि त्याबरोबर चवही. जिभेला खारट आणि गोड एवढंच समजत होतं, तेही अंधुक. हाउसआर्ट्स म्हणजे आमचे घरचे डॉक्टर फोनवर म्हणाले की येईल परत, धीर धरा. किती धीर धरायचा ते त्यांनाही सांगता येईना. लायडनच्या माझ्या एका सहकारिणीने नाकाला पुन्हा शिकवायचा व्यायाम सांगितला. ओळखीचे चार वास रोज घ्यायचे, मन लावून. मी तो काकांना सांगितला आणि त्या माणसाने तो व्रतासारखा पाळला. एका छोट्या डबीत लवंग, एकीत वेलची, एकीत हिंग, एकीत कॉफी. रोज सकाळी काकू डोळे मिटून बसायच्या, काका एकेक डबी त्यांच्या नाकाशी धरून विचारायचे, "ओळख." काकू अंदाजाने काहीतरी बोलायच्या. काका म्हणायचे, "बरोबर." मी समोर बसून बघितलंय, हिंगाला त्या वेलची म्हणाल्या होत्या.

डबे मात्र चालूच राहिले, कारण काकूंना रिकामं बसवेना. बाहेरची गिऱ्हाइकं त्यांनी थांबवली, पण इमारतीतल्या तीन-चार घरांचे डबे येतच होते. आता डबा यायच्या आधी काकांचा मेसेज यायचा. "आज आमटीत मीठ दोनदा पडलं आहे. भात जास्त घ्यावा." "भाजी खालून लागली आहे, वरवरची काढावी." "खिरीबद्दल काही बोलू नये." आणि संध्याकाळी काकूंचा फोन आला की आम्ही सगळे एका सुरात छान म्हणायचो. सुबोध तर इतक्या उत्साहाने म्हणायचा की मलाच शंका यायची.

काकूंना काय कळत नव्हतं? एवढी वर्षं लोकांना वाढलेल्या बाईला, पुन्हा कोण मागतंय आणि कोण नुसतं छान म्हणतंय, हे ताटाकडे बघून समजतं. ऑगस्टमध्ये गणपतीच्या मोदकांसाठी फोन यायला लागले आणि त्यांनी एकेकाला नाही सांगितलं. मग एका संध्याकाळी काकांबरोबर आमच्याकडे चहाला आल्या आणि कप खाली ठेवत म्हणाल्या, "गणपतीपर्यंत वाट बघते. नाही आलं नाक परत, तर मोठी पातेली देऊन टाकते कोणाला तरी. जिला स्वतःला चव कळत नाही तिने दुसऱ्याला खायला घालू नये."

आवाज अगदी साधा होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. काका घरी गेले आणि घाबरलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं, म्हणजे सुचेल ते केलं. अझोर्सची तिकिटं काढली. सप्टेंबरची, चौघांची. आम्हाला म्हणाले, "तुम्ही चला, नाहीतर ती यायची नाही." जरा हवापालट होईल, मन रमेल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरून काकूंचा आवाज आमच्यापर्यंत आला.

"अहो, त्यात गणेश चतुर्थी येतेय! कॅलेंडर बघितलं होतंत का?"

"बघितलं की."

"कुठलं?"

काकांनी बघितलं होतं ते संडासाच्या दारामागचं, शेजाऱ्यांच्या वाढदिवसांचं डच कॅलेंडर. त्यात चतुर्थीला फक्त चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या भावाचा वाढदिवस होता. तिथींचं कॅलेंडर स्वयंपाकघरात फ्रिजला लटकत होतं, आणि तिथे काका फक्त जेवायला जायचे.

तिकिटं परत होणार नव्हती. काकू दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत, मग स्वतःच तोडगा काढला. सुपारीचा गणपती बरोबर न्यायचा. मूर्ती नसली तरी पूजा होते, पण नैवेद्याला मोदक हवेतच. बॅगेत पिठी, गूळ, तूप, वेलची आणि मोदकपात्राची चाळणी भरली गेली. मी म्हटलं, "काकू, म्हणजे मोदक तुम्ही करणार?" त्या म्हणाल्या, "देवासाठी करणार. देव काही डबा लावत नाही माझ्याकडे."

लशीची सर्टिफिकेटं, मास्क, नाकात काड्या असं सगळं करून आम्ही एकदाचे बेटांवर उतरलो. पहिलं बेट पिकू. तिथे समुद्राच्या काठाने काळ्या दगडांच्या बुटक्या भिंती, आणि त्या भिंतींच्या आडोशाला द्राक्षाच्या वेली. काका एकेक दगड हातात घेऊन हुंदडत होते. काकू म्हणाल्या, "हे तर आपले कोकणातले गडगे. यासाठी एवढं लांब आणलंत?" पण फोटो काढून घेतला. शेजारच्या बेटावर, राखेत अर्धं गाडलं गेलेलं दीपगृह होतं. आमच्या आईवडिलांच्या जन्माच्या सुमाराला तिथे समुद्रातून नवी जमीन वर आली होती. काका त्या राखेत मांडी घालून बसले आणि उठेचनात. काकू त्यांना हाताला धरून उठवायला गेल्या आणि स्वतःच शेजारी बसल्या. हवापालटाचा उपयोग होतोय असं मला वाटलं.

साओ मिगेल या मोठ्या बेटावर आलो आणि ते वाटणं संपलं. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोनटक्का फुलला होता. आपला पांढरा नव्हे, त्याचा पिवळा भाऊ. मैलच्या मैल, डोंगरच्या डोंगर. गाडीच्या काचा बंद असूनही वास आत येत होता. काकूंनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरल्या, दोन्ही हातांनी एक तुरा धरला आणि त्यात तोंड खुपसून उभ्या राहिल्या. आम्ही गाडीत बसलो होतो. खूप वेळाने त्या वळल्या आणि म्हणाल्या, "पानं हळदीसारखी आहेत. मोदकाखाली चालतील." पानं तोडून घेऊन आल्या आणि मुक्काम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी सुबोधवर विनाकारण खेकसले.

मुक्काम फुर्नाश नावाच्या गावात होता. ज्वालामुखीच्या मुखातच वसलेलं गाव. जागोजागी जमिनीतून वाफा येतात, डबक्यांत पाणी रटरटतं. तिथले लोक मक्याची कणसं पोत्यात घालून त्या पाण्यात शिजवतात आणि विकतात. गावाजवळच्या तळ्याकाठी जमिनीत खड्डे आहेत. त्यांत मांस-भाजीची पातेली सकाळी पुरतात आणि दुपारी उकरून काढतात. सगळीकडे गंधकाचा, म्हणजे चक्क सडक्या अंड्याचा वास. आम्ही मास्कवरून नाक दाबून चाललो होतो. काकू मास्क हनुवटीवर ओढून सगळ्यांच्या पुढे. "वास आहे का? बघा, मला काहीच त्रास नाही," असं म्हणून त्या हसल्या. आम्हीही हसलो, पण ते काही खरं नव्हतं.

मग त्यांच्या समोर एका माणसाने लांब आकड्याने जमिनीतून एक पातेलं ओढून काढलं. काकू थबकल्या. जवळ गेल्या, खड्ड्यात वाकून बघितलं, त्या माणसाला खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारायला लागल्या. खाली विस्तव नाही? पाणी घालावं लागत नाही? वाफ रात्रंदिवस येते? जानेवारीनंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं, जे दुकानात नवीन भांडं बघितल्यावर दिसायचं.

काका हळूच म्हणाले, "कुमुद, उद्या चतुर्थी."

"मी तेच म्हणतेय," काकू म्हणाल्या.

चतुर्थीला सकाळी खोलीवरच्या छोट्या शेगडीवर काकूंनी उकड काढली, सारण केलं. हात सगळं विसरले नव्हते. कळ्या अशा पडत होत्या की मी बघत राहिले. तळ्याकाठी एका झाडाखाली पाटाऐवजी काकांचा एक सपाट काळा दगड मांडला, त्यावर सुपारीचा गणपती बसला. काकांनी तोंडपाठ पूजा सांगितली, मधला एक श्लोक विसरले तो काकूंनी मागून जोडला. मग एकवीस मोदक घेऊन आम्ही खड्ड्याकडे गेलो.

तो कालचा माणूस भला होता. आपली पद्धत त्याने दाखवली. पातेल्यावर झाकण घट्ट बसवायचं, वरून कापड बांधायचं, मग पुरायचं. काकूंनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. मोदकाला वाफ लागली पाहिजे, झाकण लावून कोंडलेले मोदक ते कसले? आणि खाली पाण्याचं भांडं तरी कशाला, जमीनच वाफ देतेय. काका तर हरखलेच. "थेट पृथ्वीची वाफ," ते म्हणाले. चाळणीवर सोनटक्क्याची पानं, त्यावर मोदक, वर एक ओला पंचा, आणि चाळणी तशीच उघडी खड्ड्यात उतरवली. मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई. त्या वाफेत काय आहे ते मला ठाऊक होतं आणि ते भोकाभोकांतून कुठे जाणार तेही. पण काकूंचा तो चेहरा बघून मी तोंड उघडलं नाही.

"सानिका, बघ गं," काकू म्हणाल्या. "कच्च्या पिठीचा वास गेला का?"

मी वाकले. डोळ्यांतून पाणी आलं. पिठीचा, पानाचा, गुळाचा, कुठलाच वास त्या ढगातून वर येणं शक्य नव्हतं.

"गेला, काकू."

मोदक निघाले ते पांढरेशुभ्र, एकही फुटलेला नाही. नैवेद्य दाखवला, आरती झाली, तो आकडेवाला माणूस टोपी काढून उभा राहिला. काकूंनी प्रत्येकाच्या हातावर मोदक ठेवला, वर तुपाची धार सोडली.

मी पहिला घास घेतला. काय सांगू? तूप होतं, गूळ होता, वेलची होती, आणि या सगळ्यांना मागे ढकलून पुढे आलेलं एक सडकं उकडलेलं अंडं होतं. दांडेकरांच्या घरात, जिथे केकसुद्धा बिनअंड्याचा होतो, तिथल्या चतुर्थीच्या नैवेद्याला. सुबोधने डोळे मिटले. त्या माणसाने एक घास घेतला आणि उरलेला मोदक आदराने टोपीत ठेवला. काका मात्र चावत होते, शांतपणे, तळ्याकडे बघत.

"कसे झालेत?" काकूंनी विचारलं.

"अप्रतिम," काका म्हणाले.

"एक नंबर," सुबोध म्हणाला.

"मऊ झालेत हो, काकू," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

काकूंनी स्वतःचा मोदक फोडला. वाफ त्यांच्या चष्म्यावर आली. त्यांनी घास घेतला, चावला, आणि थांबल्या. कपाळाला आठी पडली. दुसरा घास घेतला नाही. उरलेला मोदक नाकाशी नेला, लांब केला, पुन्हा नेला.

"अहो," त्या म्हणाल्या, "याला अंड्याचा वास येतोय."

सुबोधने हातातला मोदक पाठीमागे नेला.

"घाण येतेय चक्क." त्यांनी एकेकाकडे बघितलं. "तुम्हाला सगळ्यांना येतोय ना हा वास? मग छान कसले म्हणताय?" मग वळून सुपारीकडे बघितलं. "तुम्हीसुद्धा गप्प बसलात होय?"

हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. हातातला मोदक तसाच राहिला. त्यांनी मान वर करून खड्ड्यांच्या दिशेने दीर्घ श्वास घेतला, मोगऱ्याचा घ्यावा तसा. "तिकडूनही येतोय," त्या म्हणाल्या. "थोडासा येतोय." आणि हसायला लागल्या. हसता हसता खालीच बसल्या. मीही त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना मिठी मारून रडले. मला आनंद झाला की रडू येतं, त्याला माझा इलाज नाही.

"म्हणजे मला वाटत होतं तेच, डब्यांचंही असंच चाललं होतं," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "रायस्वाइकला पोचलो की एकेकाकडून हिशेब घेते. आणि आजपासून कोणी छान म्हणायचं नाही. काय बिघडलंय ते सांगायचं."

काका या सगळ्यात जागचे हलले नव्हते. त्यांनी खिशातून एक डबी काढली. चारांपैकी एक, ते इथेही बरोबर घेऊन हिंडत होते. झाकण उघडलं. काकूंसमोर गुडघ्यावर बसले आणि रोजच्यासारखं म्हणाले, "ओळख."

काकूंनी डोळे मिटले. दोनदा खोल श्वास घेतला.

"लवंग आहे का? असावी बहुतेक," त्या म्हणाल्या. "नीट कळत नाहीये. तुमच्या हाताला त्या मोदकाचा वास आहे, तो मध्ये येतोय. आधी हात धुवून या."

काका हात धुवायला तळ्यावर गेले. काठाशी उकिडवे बसले, हात पाण्यात घातले आणि तसेच बसून राहिले, आमच्याकडे पाठ करून. खांदे हलत होते. सुबोध उठायला लागला तर काकूंनी त्याला खाली बसवलं. उरलेले मोदक त्या पानांत गुंडाळत होत्या, तळ्याकडे न बघता.

"असू दे," त्या म्हणाल्या. "वेळ लागतो तो वास जायला." मग मला विचारलं, "सानिका, घरी पोचल्यावर किती किलो पिठी लागेल गं? जवळजवळ सगळ्यांना नाही म्हणून बसलेय मी."